मशीन नका दाखवू, अडलेलं काम दाखवा

फेब्रुवारी लागला की शाळांचे फोन सुरू होतात. सर, आमची नववीची मुलं आणायची होती लॅब बघायला, कधी येऊ. मी विचारतो किती आहेत, तर म्हणतात दीडशे होतील, दोन्ही तुकड्या आणि आठवीतली थोडी, कारण बस भरली पाहिजे ना. मी केमिस्ट्री शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं विद्यापीठाच्या एका विभागात रिसर्च करत होतो आणि त्याच्याही आधी झेडपीच्या शाळेतून अशाच एका बसमधून असाच एक विभाग बघायला गेलो होतो. म्हणजे ही लॅबभेट मी रांगेतून बघितलीय, टेबलामागून बघितलीय आणि आता फोन घेणारा म्हणूनही बघतोय. आणि माझं मत आता पक्कं झालंय की आपण या भेटी ज्या पद्धतीनं करतो त्यातून मुलांना जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि जे मिळू शकतं ते द्यायला फार पैसेही लागत नाहीत.

माझी ती नववीतली भेट सांगतो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी काही वेगळं केलं नव्हतं, सगळीकडे तेच चालतं. सकाळी पाचला निघालो, अकराला पोचलो, चपला बाहेर काढायला लावल्या, एकामागे एक अशी रांग, आत एसीचा गारवा. एक सर प्रत्येक मशीनपाशी थांबून सांगत होते, हे अमुक, इतक्या लाखांचं आहे, परदेशातून आणलंय, कुणी हात लावायचा नाही. मशीन काय करतं हे त्यांनी सांगितलंही असेल, पण मागच्या चाळीस मुलांपर्यंत ते पोचलं नाही आणि मी मागच्या चाळिसात होतो. मला लाख आठवतात आणि बाहेर चपलांचा झालेला ढीग आठवतो. शेवटच्या खोलीत मात्र एक ताई ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, लावून बसली होती, आमच्यासाठी नाही, तिचं तिचं काम चालू होतं, आम्ही मध्येच घुसलो होतो. कुणीतरी विचारलं ताई काय करताय, तर ती म्हणाली चौथ्यांदा करतेय, दर वेळी वेगळंच उत्तर येतंय आणि का येतंय ते कळत नाहीये. एवढंच बोलली ती, लगेच आमच्या सरांनी चला चला केलं. पण परतीच्या बसमध्ये आम्ही चारपाच जण तेच बोलत होतो, की एवढ्या मोठ्या ठिकाणी शिकलेल्या बाईला पण उत्तर येत नाही? आणि तरी ती बसून करतेय? तिला कुणी रागवत नाही?

हे आम्हाला इतकं विचित्र का वाटलं ते शाळेतलं प्रॅक्टिकल आठवलं की कळतं. आपल्याकडे प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. लंबकाचा प्रयोग केला की जी ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९.८ आली पाहिजे, नाही आली तर शेवटून मागे हिशोब करत यायचं आणि निरीक्षणं भरायची. हे मी केलंय, तुम्ही केलंय, आत्ता वाचणाऱ्या प्रत्येकानं केलंय. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर चाळीस-चाळीसचे आणि वीस मार्क प्रात्यक्षिक वगैरेचे, आणि त्या विसात कुणाला कमी पडल्याचं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. मुलं दहा वर्षं विज्ञान शिकतात आणि त्या दहा वर्षांत एकदाही त्यांच्यासमोर असा प्रश्न येत नाही ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नाही. मग विज्ञान म्हणजे आधीच कुणीतरी शोधून ठेवलेल्या गोष्टी पाठ करणं असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही.

आणि विद्यापीठाच्या लॅबमध्ये नेमकं ते असतं जे शाळेत नसतं. मशीन नव्हे. मशीन आता मोबाईलवर दिसतं, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आतून कसा असतो याचे व्हिडिओ इतके चांगले आहेत की मी स्वतः एमएससीच्या मुलांना दाखवतो, आणि दीडशेच्या रांगेतून दोन मिनिटांत दिसणाऱ्या पांढऱ्या डब्यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं. विद्यापीठात जे आहे ते म्हणजे न सुटलेला प्रश्न आणि त्याच्यामागे तीन-तीन वर्षं लागलेली माणसं, जी सकाळी येतात, सॅम्पल लावतात, ते फसतं, कुठे फसलं ते शोधतात, दुपारी कँटीनला त्यावरच वाद घालतात. हे कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही कारण फसलेलं कुणी अपलोड करत नाही. मुलांना विद्यापीठात न्यायचं तर ते बघायला न्यायला पाहिजे, आणि आपण नेमकं तेच त्या दिवशी झाकून ठेवतो, टेबलं पुसून, कोट घालून, रांगोळी काढून.

२८ फेब्रुवारीला हे सगळं होतं याचं मला जास्त वाईट वाटतं. हा दिवस आपण १९८७ पासून विज्ञान दिवस म्हणून पाळतो कारण १९२८ साली त्या तारखेला रामन इफेक्टचा, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो याचा, शोध लागला. त्या शोधाची सुरुवात कशी झाली, तर १९२१ साली रामन बोटीनं प्रवास करत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला की हा निळा खरंच नुसता आकाशाचा पडलेला रंग आहे का. पुढची काही वर्षं कलकत्त्यात ते आणि त्यांचे विद्यार्थी, त्यात के. एस. कृष्णन मुख्य, प्रकाश द्रवातून गेला की त्याचं काय होतं याच्या मागे लागले. सुरुवातीच्या प्रयोगांत साधा सूर्यप्रकाश होता, रंगीत काचांची फिल्टर होती आणि बघायला माणसाचा डोळा. इतक्या साध्या सामानातून, सात वर्षं एकच प्रश्न न सोडता निघालेली ही गोष्ट आहे, आणि तिच्या नावानं आपण मुलांना किंमतीचे आकडे ऐकवतो.

चांगलं चालत नाही असं म्हणणं नाही माझं. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, तिथे विज्ञान दिवसाला हजारोंनी लोक येतात, आसपासच्या शाळांची मुलं स्वतःचे प्रयोग मांडतात, शेतकरी घरदार घेऊन येतात. ती जत्रा आहे आणि ती हवीच. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जयंत नारळीकर सरांनी पहिल्यापासून शाळेच्या मुलांसाठी दार उघडं ठेवलं, दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं, उन्हाळ्यात मुलांनी आठवडाभर तिथल्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायचं, आणि नंतर मुक्तांगण विज्ञान शोधिका, जिथे अरविंद गुप्तांनी काड्या, सायकलची ट्यूब, रिकामी पेनं असल्या सामानातून मुलांच्या हातात विज्ञान दिलं. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा खूप लोकांनी एक आठवण सांगितली, की मुलं सही मागायला आली तर ते सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. मला वाटतं लॅबभेट कशी असावी याचं सगळं शास्त्र त्या पोस्टकार्डात आहे. आधी मुलानं काहीतरी विचारायचं, मग थांबायचं, मग त्याला, म्हणजे त्याच एकट्याला, उत्तर यायचं.

जत्रा आणि भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण दोन्हीची मिसळ केलीय हीच अडचण आहे. जत्रेला हजार लोक चालतात. पण एखाद्याच्या घरी जायचं तर दीडशे जण जात नाहीत.

सरकारी पातळीवर योजना कमी नाहीत. राष्ट्रीय आविष्कार अभियान २०१५ मध्ये कलाम सरांच्या हस्ते सुरू झालं, त्यात उच्च शिक्षण संस्थांनी शाळांना हाताशी धरायचं असं स्पष्ट आहे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांनी २०१७ मध्ये जिज्ञासा सुरू केलं, आधी केंद्रीय विद्यालयांबरोबर, वर्षाला एक लाख मुलं असं लक्ष्य ठेवून. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत. एसटी शैक्षणिक सहलीला निम्म्या दरात मिळते. मग अडतं कुठे, तर माझ्या मते मोजण्यात अडतं. शाळा मोजते किती मुलं नेली, विभाग मोजतो किती मुलं आली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलला बॅनरसकट जिओटॅग फोटो लागतो, आणि फोटोत वीस मुलांपेक्षा दोनशे मुलं चांगली दिसतात. मूल परत आलं का, त्याला काय विचारावंसं वाटलं, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. मी कुणाला दोष देत नाही, मी स्वतः असे रिपोर्ट लिहिलेत, पण ज्या गोष्टीचा रकाना नाही ती गोष्ट होत नाही हे खरं आहे.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण नुसतं बोलून उपयोग नाही. मी खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय, जमिनीखालचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गोड्या पाण्यासाठी माझ्या आईनं किती चकरा मारल्या असतील त्याचा हिशोब नाही. इथल्या प्रत्येक मुलाला हे पाणी जिभेनं माहीत आहे. म्हणून फोन आला की मी सांगतो, दीडशे नको, पंधरा आणा, आणि प्रत्येकानं आपल्या घराजवळच्या विहिरीचं किंवा हापशीचं पाणी बाटलीत आणायचं, बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहायची.

मग आम्ही दोनच गोष्टी करतो. कंडक्टिव्हिटी मीटर पाण्यात बुडवायचं, पाण्यातून वीज किती सहज जाते यावरून क्षार किती याचा अंदाज येतो. आणि ईडीटीएचं टायट्रेशन, म्हणजे ईडीटीए या रसायनाचं द्रावण रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं सोडायचं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते कळतं, लालसर जांभळा रंग एका थेंबात निळा होतो आणि तो थेंब मुलानं स्वतः सोडायचा असतो. सामान काही शे रुपयांचं, मीटर तर बहुतेक कॉलेजात धूळ खात पडलेलं असतं. पण खरी मजा त्यानंतर. एकाच विहिरीचं पाणी दोन मुलांनी आणलेलं असतं आणि आकडे जुळत नाहीत. लगेच एक जण म्हणतो सर माझं चुकलं, शाळेची सवय, आणि मी म्हणतो थांब, चुकलं कशावरून, तुझंच बरोबर असेल तर? मग सुरू होतं. तू बाटली त्याच पाण्यानं आधी विसळली होतीस का? नाही, ती थम्सअपची होती. तू सकाळी काढलंस का दुपारी, मोटर चालू होती का, वरचं पाणी का खालचं? एका बाटलीचं पाणी उन्हात राहिल्यानं गरम होतं, आणि कंडक्टिव्हिटी एका अंशाला साधारण दोन टक्के बदलते, हे मी लगेच सांगत नाही, दोन्ही बाटल्या एका बादलीत ठेवायला लावतो आणि अर्ध्या तासानं परत मोजायला लावतो. फरक कमी होतो पण जात नाही. उरलेला फरक कशाचा? मला माहीत नाही, आणि मी तसं सांगतो. त्या वाक्यानंतर खोलीत जी शांतता होते ना, ती मी वीस वर्षांपूर्वी त्या ताईच्या टेबलापाशी ऐकली होती.

सोबत पिण्याच्या पाण्याचं मानक ठेवतो, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं असं भारतीय मानक सांगतं. मुलं आपापल्या विहिरीचा आकडा त्याच्याशेजारी लिहितात आणि त्यानंतर ज्या गप्पा होतात त्या केमिस्ट्रीच्या राहत नाहीत, टँकरच्या होतात, ग्रामपंचायतीच्या आरओच्या होतात, आजोबांच्या किडनीच्या होतात. होऊ देतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हीच मुलं पावसाळ्यानंतर परत येतात, त्याच विहिरींचं पाणी घेऊन. एकदा केलेली भेट म्हणजे सहल. दुसऱ्यांदा आलेलं मूल दारातून आत येताना वेगळं चालतं, त्याला माहीत असतं चपला कुठे काढायच्या, मीटर कुठल्या कपाटात आहे, आणि त्याला मागच्या वेळचं काहीतरी आठवत असतं जे अजून सुटलेलं नाही.

यावर मला पहिला आक्षेप ऐकावा लागतो तो असा, की पंधराच का, बाकीच्या एकशे पस्तीस मुलांनी काय पाप केलं. आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण दीडशे जणांना दोन मिनिटं देणं म्हणजे समानता नव्हे, त्यात कुणालाच काही मिळत नाही. पंधरा-पंधराच्या दहा खेपा वर्षभरात करता येतात, फेब्रुवारीत सगळं कोंबलं नाही तर. आणि पंधरा जण निवडायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. शाळा नेहमी हुशार मुलं पाठवते, पहिल्या नंबरापासून खाली, सरकारी शिबिरांतही मार्क बघूनच बोलावतात. मी शाळांना सांगतो चिठ्ठ्या काढा. मुख्याध्यापकांना ते पटत नाही, म्हणतात सर शाळेचं नाव जाईल, कुणीतरी बावळट प्रश्न विचारेल. पण पहिल्या नंबराचा मुलगा तसाही सायन्सला जाणार आहे, त्याचा क्लास लागलाय, त्याच्या घरात डॉक्टर-इंजिनियर आहेत. ज्या पोराला आजपर्यंत कुणी तुला काय वाटतं असं विचारलेलंच नाही त्याच्यासाठी ही भेट आहे, आणि विहीर कधी आटते, कुठल्या बाजूनं झरा आहे हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतं. चिठ्ठीत एकदा असा मुलगा आला होता जो शाळेत फारसा यायचाच नाही, मोटर दुरुस्तीच्या दुकानात असायचा, त्यानं आम्हाला सांगितलं की बोअरचं पाणी मोटर चालू केल्याकेल्या घेतलं तर पाइपातलं शिळं येतं, दहा मिनिटं सोडून मग भरायचं. सॅम्पलिंगच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा, वेळ नाही. खरंच नाही. पदं रिकामी आहेत, एकेक जण तिघांचं काम करतो, प्रमोशनला पेपर मोजतात, शाळेतल्या मुलांबरोबर घालवलेल्या दुपारी कुणी मोजत नाही. म्हणून हे काम प्राध्यापकांच्या उत्साहावर सोडून चालणार नाही, विद्यापीठानं ते वर्कलोडमध्ये धरलं पाहिजे, आठवड्याला दोन तास का होईना. आणि मुलांबरोबर मुख्यतः पीएचडीच्या पोरापोरींना बसवलं पाहिजे, त्याचं वेगळं मानधन देऊन. तीच माणसं आत्ता अडलेली आहेत, त्यांच्याकडेच सांगण्यासारखं आहे. शिवाय ती मुलांना ताई-दादा वाटतात, सर वाटत नाहीत. आमच्याकडे एका रिसर्च करणाऱ्या मुलीला आपला विषय नववीच्या मुलांना मराठीत सांगायचा होता, तिला दोन दिवस लागले, आणि मग ती म्हणाली सर मला स्वतःलाच आत्ता कळलं मी काय करतेय. भाषेचा मुद्दा छोटा नाहीये. मुलाच्या पुस्तकात अनुमापन आहे, आपण टायट्रेशन म्हणतो, त्याला वाटतं ही काहीतरी निराळीच गोष्ट आहे. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिले तरी अर्धी भीती जाते.

सुरक्षेचं म्हणाल तर जिथे ॲसिड, गॅस, लेसर असलं काही आहे तिथे मुलांना न्यायचंच नाही, पंधरा मुलांवर दोन मोठी माणसं, डोळ्यांना चष्मे. दीडशेच्या रांगेपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

अजून एक, हे फक्त पुण्या-मुंबईचं काम नाही. लोक लॅबभेट म्हटलं की आयुका, आयसर, टीआयएफआर अशा मोठ्या संशोधन संस्था म्हणतात, आणि गडचिरोलीच्या शाळेनं तिथे न्यायचं तर तीन दिवस आणि रात्रीचा मुक्काम, मग मुलींच्या घरून नाही येतं आणि बसमध्ये सगळी मुलंच. पण आता जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, नांदेडला १९९४ पासून, सोलापूरला २००४, गडचिरोलीला गोंडवाना २०११ पासून. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, मुलींना पाठवायला कुणी अडवत नाही, निदान कमी अडवतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभं राहतंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यात मोजायचा बदल प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान. तिथल्या आसपासच्या गावांतली मुलं आज सहावी-सातवीत आहेत. ते सुरू झालं की मंत्री येतील, बसेस येतील, रांगा लागतील. मला वाटतं उभारणी चालू असतानाच त्या मुलांना आत घ्यावं, पाया का असा घातला, जमिनीचा हादरा कसा मोजतात, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर काय होईल, हे प्रश्न आत्ताच विचारू द्यावेत, कारण काम पूर्ण झालं की ते प्रश्न भिंतीआड जातात.

आमच्या विहिरींचं आता असं झालंय की पंधरापैकी तेरा ठिकाणी पावसाळ्यानंतर पाण्यातले क्षार कमी झाले, जे आम्हाला वाटलंच होतं. एका हापशीचं जवळजवळ तेवढंच राहिलं. आणि एका विहिरीचा आकडा वाढला, चांगला वाढला, तीनदा मोजून वाढलेलाच. ज्या मुलीची ती विहीर आहे ती म्हणते सर पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन विहिरीत आलं असेल, दुसरा म्हणतो तसं असतं तर शेजारच्या विहिरीचं का नाही वाढलं. मी जिओलॉजीवाल्या मित्राला फोन केला तर तोही दोन शक्यता सांगून थांबला. ती मुलगी आता दर पंधरा दिवसांनी एक बाटली भरून ठेवतेय, घरातल्या माठाशेजारी ओळीनं लावल्यात म्हणे, आईनं एक चुकून ओतून दिली तर भांडण झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्या बाटल्या घेऊन येणारे.